उलटं रोळणं

दर्यापूर. गावाच्या नावातच दर्या,
पण खरा दर्या इथं साडेतीन फुटांचा,
डॉक्टर पुंडकरांच्या दातांच्या दवाखान्यात, काचेत.
पेशंट दाढ धरून त्याच्याकडे बघत बसतात
आणि मी, कंपाउंडर, त्याला मीठ घालतो.

चैतात ऊन फिरलं. साडेनऊचा कवडसा
थेट तळावर पडू लागला
आणि पंधरा दिवसांत रेतीवर शेवाळ चढलं:
आधी तपकिरी, पावडर उधळल्यासारखं,
मग हिरवं,
मग बोटानं उचललं की साईसारखं अख्खं निघणारं.
डॉक्टर नागपूरहून फोनवर म्हणाले,
फेकून दे रे, नवी मागवू.
बावीस किलो. शंखांचा भुगा.
कुठल्या किनाऱ्याहून किती गाड्या बदलून
इथवर आलेला.
मला फेकवेना.

जोकर मासा एकच उरलाय.
त्याला बुडबुड्याच्या यंत्रासकट बादलीत ठेवलं,
आणि बादली, लाइट जाईल या भीतीनं, इन्व्हर्टरपाशी.

देवकाबाई फरशी पुसता पुसता थांबली.
"कायचं पीठ हाय हे?"
समुद्राची रेती.
"इले त बुरा आला बाप्पा. लोनच्याले येते तसा."
मग जरा विचार करून,
"पन मिठात कसा आला?"
याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

मी रेती बादलीत घुसळत होतो. पाणी हिरवं ते हिरवंच.
तिनं पदर खोचला, परात ओढली,
म्हणाली, सरका.

तांदूळ रोळतात तशी रोळली तिनं.
मनगट जरासं कलतं, पाणी काठावर येतं,
हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी बसतं.
फक्त मध्येच हसली.
"जनमभर वरचं घेतलं न् तयाचं फेकलं.
आज तयाचं ठेवाचं?"
हो, म्हटलं. आज उलटं.

पहिलं पाणी टाकीचंच वापरलं,
गोड पाण्याची कॅन वीस रुपयांना.
दुसरं विहिरीचं. या खारपाणपट्ट्यातली विहीर,
जिच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही.
एकदा मीच म्हटलं होतं, डॉक्टर, हेच भरू की टाकीत,
आयतं खारं आहे.
ते हसले. ते मीठ वेगळं.
मिठालाही जात असते, हे मला तेव्हा कळलं.

सांडपाण्याची बादली उचलली तर ती ओरडली,
"लिंबाखाली नोको! या जमिनीनं लय मीठ खाल्लं."
मग रस्त्यापलीकडच्या नालीपर्यंत अकरा खेपा.

ताडपत्रीवर रेती वाळत घातली, दोन दिवस.
शेजारच्या कोंबड्या आल्या,
भुग्यातले शिंपल्यांचे कपचे तेवढे निवडून टिपू लागल्या.
त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे.
हाकलल्या, तरी अर्धा पाव समुद्र त्यांच्या पोटात गेलाच.

एक वाटीभर रेती मात्र मी धुतली नाही.
तळातली, काळपट, वास मारणारी,
तिच्याच पाण्यात झाकून ठेवली.
मागल्या वर्षी सगळी लख्ख धुतली होती,
आठवड्यात दोन मासे गेले.
पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण लागलं नव्हतं.
देवकाबाईनं वाटीवरचं झाकण उचलून पाहिलं
आणि नाक मुरडून म्हणाली, "विरजन."
डॉक्टरांच्या जाडजूड पुस्तकात याला दोन पानं लागलीत.

तिसऱ्या दिवशी टाकी भरली.
रात्रभर पाणी ताकासारखं.
सकाळी निवळलं, तर मासा कोपऱ्यात,
पाहुण्याच्या घरी आल्यासारखा.
खिडकीला मी जुन्या चादरीचा पडदा लावला.

डॉक्टर परतले त्या दिवशीचा पहिला पेशंट शालिकराम,
देवकाबाईचा नवरा, गाल सुजलेला.
काय झालं?
तो काही बोलेना. तीच दारातून, खाली बघत,
"त्या राती तांदूय रोयले,
हात उलटाच फिरला.
तयाचं समदं पातेल्यात गेलं."

डॉक्टरांचा चहा व्हायचा होता.
शालिकराम गाल धरून बाकावर बसला
आणि काचेतल्या पांढऱ्या रेतीकडे
बराच वेळ
रागानं बघत राहिला.